तेपचा वाटा

वानराची लेंडी पडल्यापासून दहा मिनिटांच्या आत नळीत गेली पाहिजे, हा दिएपबाईंचा नियम होता. चौदा वर्षं मी त्याच लेंड्या झाडून खड्ड्यात टाकत आलो होतो आणि आता या बाई हनोईहून बर्फाची पेटी घेऊन त्या तपासणीसाठी वेचायला आल्या होत्या. मी म्हटलं, "आधी कळवलं असतंत तर साठवून ठेवल्या असत्या." बाई हसल्या नाहीत. त्या कशालाच हसत नाहीत, हे आम्हाला पुढे कळलं.

आमचं खे नुआ गाव चुनखडीच्या डोंगराला टेकून आहे आणि गावाच्या टोकाला वानरांचं केंद्र आहे. शिकाऱ्यांच्या पोत्यांतून, फासांतून सोडवलेली लाल पायांची वानरं इथे येतात. त्यांच्यासाठी पाला आणणं हे माझं काम. मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी भारे बांधून आणायचे, औषधाच्या पाण्यात धुवायचे, मग पिंजऱ्यांत टांगायचे. धुण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. बायको म्हणायची, "घरच्या भाजीचं कधी एवढं भाग्य उजळलं नाही."

बाईंना तीन ठिकाणचा माल हवा होता. कड्यावरच्या रानटी कळपाचा, पिंजऱ्यातल्या वानरांचा आणि गावातल्या माणसांचा. पहिले दोन मी मिळवून दिले, तिसऱ्याला मात्र गाव लाजलं. जो तो नळी घेऊन घरी जायचा आणि विसरल्याचं सोंग करायचा. चहाच्या टपरीवर तर माझं नावच पडलं, "या, लेंडीसाहेब!"

शेवटी सगळ्यांत आधी नळी आणून दिली ती थोममावशीने. चारचौघांत, दिवसाढवळ्या, कापडाच्या पिशवीतून.

"घे बाई," ती दिएपला म्हणाली. "आणि आत काय सापडेल ते मला आधी सांगायचं. या खांगला नाही. याच्या पोटात काही राहत नाही." बोट माझ्याकडे होतं.

थोममावशी अडुसष्ट वर्षांची. नवरा जाऊन बावीस वर्षं झाली होती, मूलबाळ झालंच नाही. केंद्रात आलेली अंगावरची पिल्लं वाढवण्याचं काम तिचं, त्यामुळे ती राहायची ती पिंजऱ्याला लागून असलेल्या खोलीत. पाच वर्षांपूर्वी एका पोत्यात मेलेल्या आईला चिकटलेली एक तळहाताएवढी मादी निघाली. मावशीने तिचं नाव ठेवलं तेप, म्हणजे जवळा. मासळीतला जवळा, तेवढीच होती ती. आमच्याकडे आया बाळाला भात चावून भरवतात. मावशीने तेपला कोवळा पाला चावून भरवला. विड्याने लाल झालेल्या तोंडातून हिरवा घास बाहेर यायचा आणि ती चिमुरडी तो ओठांवरून उचलायची. पहिले सहा महिने ती मावशीच्या पोटाशी बांधलेल्या फडक्यात झोपली.

बाईंच्या तपासणीचा निकाल आला तेव्हा त्यांनी केंद्राच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक मोठा कागद पसरला. कागदावर ठिपके होते, प्रत्येकाच्या पोटाचा एक. डावीकडे हिरव्या ठिपक्यांचा पुंजका, तो कड्यावरचा कळप. उजवीकडे लाल, ते आम्ही, खे नुआकर. पिंजऱ्यातली वानरं मधे होती, आणि मधे म्हणजे अगदी मधेही नाही, आमच्या बाजूला कललेली.

"म्हणजे ही आता माणसं होत चाललीत?" मी विचारलं.

"आतून, काका. बाहेरून नाही."

बाईंनी समजावलं ते मला समजलं तसं सांगतो. या वानराचं पोट गाईसारखं, कप्प्यांचं. पाला ते स्वतः पचवत नाही, पोटातले जंतू पचवतात. वानर नुसतं चावून आत पाठवतं. हे जंतू घेऊन कोणी जन्माला येत नाही. ते आईकडून येतात, कळपातल्या एकमेकांकडून, मातीतून, न धुतलेल्या पानावरून. चाळीस झाडांचा पाला खाल्ला तर नाना तऱ्हेचे जंतू तग धरतात. सात झाडांचा, तोही धुतलेला पाला आणि वर पिकलं फळ असं चालू ठेवलं, की निम्मे उपाशी मरतात आणि त्यांच्या जागी माणसाकडचे गोडघाशे येऊन बसतात. माणसाचंही तेच, गाव सोडून शहरात गेला की दोन वर्षांत आतली वस्ती बदलते, असं बाई म्हणाल्या.

"म्हणजे मी चौदा वर्षं पानं धुतली ती…"

"तुम्ही स्वच्छता पाळलीत, काका," बाई म्हणाल्या. एवढ्या सभ्यपणे मला आजवर कोणी मूर्ख म्हटलं नव्हतं.

मला हसू आलं नाही, कारण मला तो नर आठवला. दोन वर्षांपूर्वी आम्ही त्याला वाजतगाजत रानात सोडला होता. चाळीस दिवसांनी एका झाडाखाली सापडला. मीच त्याला पाठीवर घालून खाली आणला. अंगाची नुसती हाडं झालेली आणि पोट पाल्याने गच्च. पोटभर खाऊन उपाशी मेला होता. तेव्हा कारण कोणाला कळलं नव्हतं. आता कळलं, आणि माझ्या हाताला त्या औषधाच्या पाण्याचा वास येत राहिला.

त्या कागदावर आणखी एक गोष्ट होती. लाल ठिपक्यांतला एकच ठिपका गावापासून सुटून वानरांच्या बाजूला गेला होता. बाईंनी शब्द पाळला, मावशीला आधी सांगितलं.

"आजी, तो तुमचा. तेपकडचे काही जंतू तुमच्यात आलेत."

मावशीने तो ठिपका बोटाने दाबून पाहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ. लोक म्हणत होते, हिला पोर झालं नाही. पोटात होतंच की." आणि पानाची पिंक टाकायला बाहेर गेली.

केंद्राच्या संचालकांनी मग निर्णय घेतला. वादळांचे दिवस सुरू व्हायच्या आत तीन वानरं कड्यावर सोडायची, त्यांत तेप एक. तोवर तिघांना रानचं खाणं. चौथ्या महिन्याच्या अखेरीला ज्याचा ठिपका हिरव्यात गेला असेल ते रानात जाईल. जे मागे राहील ते दक्षिणेकडच्या शहरातल्या प्राणिसंग्रहालयात, जन्मभर काचेमागे. केंद्रात जागा उरली नव्हती, त्यामुळे तिसरा रस्ता नव्हता.

"माझी तेप काचेमागे बसणार नाही," मावशी म्हणाली. तिने हे संचालकांना तोंडावर सांगितलं आणि मग मला सांगितलं, जणू काचेचा मालक मीच होतो.

मी कामाला लागलो. चाळीस झाडांचा पाला, तोही कड्याजवळचा, धूळमातीसकट. गुडघे बोलायला लागले. महिनाभरात दोन वानरांचे ठिपके डावीकडे चालू लागले. तेपचाही निघाला, आणि परत आला. पुन्हा निघाला, पुन्हा परत. चार पावलं पुढे, चार मागे. परत आला की तिचं पोट ढोलकीसारखं फुगलेलं असायचं, तीन-चार दिवस ती पाल्याकडे ढुंकून बघायची नाही.

बाईंनी पाणी तपासलं, पाला तपासला, मलाही दोनदा नीट निरखून पाहिलं. मग मावशीला विचारलं, "आजी, तिला कोणी काही खायला देतंय का?"

"कोण देणार? मी असताना? हात मोडून देईन त्याच्या हातात."

ती खोटं बोलत नव्हती. मावशी खोटं बोलली की नजर चुकवते, आणि त्या दिवशी ती बाईंच्या डोळ्यांत बघत होती.

तिसऱ्या महिन्याच्या सुरुवातीला बाई वहीतून तारखा वाचत होत्या आणि मी त्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणावत होतो. आमच्या कॅलेंडरावर मोठा आकडा सरकारी तारखेचा असतो आणि खाली बारीक आकडा चंद्राच्या तारखेचा. पोट बिघडल्याच्या तारखा मी एकेक करून पाहत गेलो. वरचे आकडे कसेही होते. खालचे मात्र दुसरी, सोळावी, दुसरी, सोळावी.

म्हणजे आदल्या दिवशी पहिली आणि पंधरावी. त्या दोन दिवशी खे नुआतलं एकही घर असं नाही जिथे पूर्वजांच्या देव्हाऱ्यावर उदबत्ती लागत नाही. केळ्यांची फणी, चिकट भाताचा गोड मुटका, पाण्याचा पेला. उदबत्ती विझली की तो प्रसाद घरातल्या प्रत्येकाने खायचा. घरातल्या एखाद्याला तो दिला नाही, तर तो आपला नाही असं पूर्वजांच्या देखत सांगितल्यासारखं होतं. माझा मोठा भाऊ दारू पिऊन कुठेही पडलेला असो, आई त्याचा वाटा झाकून ठेवायची.

मी कॅलेंडर परत खिळ्याला टांगलं. बाईंनी विचारलं, "काय झालं, काका?" मी म्हटलं, "काही नाही, चष्मा बदलायला हवा." त्या वेळी मी हे का केलं ते मला नीट सांगता येणार नाही. मावशीची नोकरी जाईल ही भीती होती, आणि शहरातल्या बाईने हे आमच्या आधी बोलून दाखवावं, हेही नको होतं.

पंधरावीला सकाळीच मी मावशीच्या खोलीवर गेलो. देव्हाऱ्यावर नवऱ्याचा फोटो, सासूचा फोटो, विझलेल्या उदबत्त्या. मावशी जाळीशी उकिडवी बसली होती आणि तेप जाळीतून हात घालून तिच्या हातचं केळं सोलत होती.

"मावशी!"

"अरे ये ना. तुझंही ठेवलंय."

"खायला कोणी देत नाही म्हणालीस ना?"

"खायला कुठे दिलं? प्रसाद आहे हा."

मी तिच्या हातातून केळं हिसकलं. वयाने मोठ्या बाईच्या हातातून मी आयुष्यात कधी काही हिसकलं नव्हतं. "याच्यानेच तिचं पोट फुगतंय. हेच केळं तिला काचेमागे नेऊन बसवणार आहे. तूच नेते आहेस तिला!"

तेप माझ्या हातातल्या केळ्याकडे बघत होती. मला मावशीचा राग आला होता आणि तितकीच तिची दयाही येत होती, आणि दोन्ही एकदम आलं की मला काही सुचत नाही. मी ते केळं तसंच धरून उभा राहिलो.

"प्रसादानं वाईट कसं होईल?" ती म्हणाली.

"आपलं नाही होत. तिचं होतं. तिचं पोट वेगळ्या घरचं आहे."

"मग मी काय करू, ते सांग. या छपराखाली आम्ही दोघीच. मी एकटीने खाल्लं तर सासू वरून विचारील, पोर कुठे गेली? जिवंत असताना तिने मला एवढं विचारलंय, आता ती सोडेल होय?"

"मग सांग तिला, पोर कुठे जाणार आहे ते."

हे मी चिडून बोललो होतो. पण मावशीने मान वर केली. तिने पानाचा डबा ओढला, सुपारी कातरली, चुना लावला, सगळं अगदी सावकाश.

"मुलगी दिली की वाटा थांबतो," ती म्हणाली. "मग तिचा वाटा सासरच्या देव्हाऱ्यावर." आणि थोड्या वेळाने, "पण अशी कशी देईन? कोणी मागायला यायला नको?"

तर अशा रीतीने मी, खे नुआचा पालेवाला खांग, चार दिवसांनी इस्त्रीचा सदरा घालून वरपक्षाचा म्हातारा झालो. सुपारीचा घोस, विड्याची पानं, तांदळाच्या दारूची बाटली, चहाचा पुडा, सगळं लाल फडक्याखाली झाकून नेलं. दिएपबाईंना मी आदल्या दिवशी सगळं सांगून टाकलं होतं. त्या आधी संतापल्या, मग वही उघडून तारखा पाहत बसल्या, मग म्हणाल्या, "मी पण येते." आल्या, आणि दारात चपला काढून कोपऱ्यात बसल्या.

मावशीने जुना मखमली अंगरखा घातला होता. ती जरा तोऱ्यातच होती.

"कुठली मंडळी म्हणायची?"

"कड्यावरची," मी म्हटलं. "तुमच्या मुलीला मागणी घालायला आलोय."

"मुलगा काय करतो?"

"पाला खातो."

"आणि?"

"दुपारी झोपतो."

"म्हणजे तुझ्यासारखाच. घरदार?"

"आख्खा डोंगर आहे. कर्ज नाही."

"सासू कशी आहे?"

"तापट आहे. मी खाली उभा राहिलो की डोक्यावर फांद्या टाकते."

कोपऱ्यातून आवाज आला. दिएपबाई हसत होत्या. तोंडावर हात धरला होता, पण हसत होत्या.

"रिकाम्या हाताने तर आला नाहीत ना?" मावशीने विचारलं. तेव्हा मी फडक्याखालून शेवटची वस्तू काढली. कड्यावरच्या कळपाने सकाळी अर्धवट खाऊन टाकलेल्या डहाळ्या. पानांवर दातांच्या खुणा होत्या, लाळ अजून ओली होती. मी एवढंच म्हटलं, "सासरचं उष्टं."

मला ती गंमत वाटली होती. बाई मात्र उठून उभ्या राहिल्या. डहाळ्या त्यांनी माझ्या हातून घेतल्या, रोगराईसाठी आधी तपासायला हव्यात म्हणाल्या, आणि चार दिवसांनी म्हणाल्या, "काका, हे रोज आणा. हेच हवं होतं."

त्या दिवशी मावशीने उदबत्त्या लावल्या आणि देव्हाऱ्यासमोर हात जोडून नवऱ्याला, सासूला सगळं सांगितलं. मुलगी मोठी झाली, कड्यावरच्या घरात देतेय, मंडळी बरी दिसतात, आजपासून तिचा वाटा धरू नका. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. नंतर दारू ओतताना ती बाईंना म्हणाली, "पोरी, माझ्यात जे तिचे आलेत ना, ते किती दिवस राहतील? ती गेल्यावर?"

बाई खोटं बोलू शकल्या असत्या. "दोन-तीन महिने, आजी. एकमेकांचा सहवास सुटला की जातात. मग तुमचंही सगळं गावासारखं."

"बरं," मावशी म्हणाली आणि माझा पेला भरला.

पुढच्या पहिलीला मी मुद्दाम तिकडे रेंगाळलो. उदबत्ती विझली तशी तेप जाळीशी आली आणि तिने हात बाहेर काढला. तिला या दिवसाचा वास कळत होता. मावशी तिच्याकडे पाठ करून बसली आणि दोन्ही केळी एकटीने खाल्ली, मग भाताचा मुटकाही. हात बाहेरच होता. मावशी मला म्हणाली, "या वेळची केळी काही गोड नाहीत." पंधरावीलाही तसंच झालं.

तेपचा ठिपका त्यानंतर मागे फिरला नाही. चौथ्या महिन्याच्या अठ्ठाविसाव्या दिवशी बाईंनी कागद आणला तेव्हा तो हिरव्यांच्या काठावर होता. संचालकांनी "काठावर" हा शब्द दोनदा उच्चारला. बाई म्हणाल्या, "काठ पुरेसा आहे." तिघांचीही नावं यादीत लागली.

कड्यावर पिंजरे खांद्यावरून न्यावे लागतात. तेपचा मी घेतला. आमच्याकडे मुलीच्या पाठवणीला बाप जातो, काका जातात, आई जात नाही. मावशी दारापर्यंतसुद्धा आली नाही. आत भांडी घासत होती, नको तेवढ्या जोरात. वर पोचल्यावर मी दार उघडलं. तेप थोडा वेळ आतच बसली, मग एका उडीत वर गेली. झाडावरच्या म्हातारीने फांद्या टाकल्या. तेपने त्यांतली एक उचलली आणि खायला लागली. मला रडू आलं. बरोबरच्यांनी पाहिलं आणि खाली जाऊन सगळ्यांना सांगितलं.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी मुलगी माहेरी तोंड दाखवायला येते. तिसऱ्या दिवशी मावशी दिवसभर ओट्यावर डोंगराकडे तोंड करून बसली होती. मी समोरून दोनदा पाल्याचे भारे नेले, एवढंच.

वादळं संपल्यावर दिएपबाई पुन्हा आल्या. आम्ही दोघं कड्यावर दहा दिवस फिरलो. तेप दिसली. जाडजूड झाली होती, कानाजवळ चावल्याची जुनी खूण होती आणि ती एका नराच्या पाठीतल्या उवा काढत होती. तिने आमच्याकडे पाहिलं आणि कळपाबरोबर पळून गेली. तिची लेंडी दहा मिनिटांच्या आत नळीत गेली. निकाल यायला महिना लागला. ठिपका हिरव्या पुंजक्याच्या ऐन मध्यात होता, बाईंनी बोट ठेवून दाखवला नसता तर मला ओळखूही आला नसता.

आता गावाच्या नळ्या पुन्हा हव्या होत्या. या खेपेला गाव लाजलं नाही. तीन दिवसांत सगळ्या आल्या, टपरीवाल्याने तर दोन दिल्या. मावशीची आली नाही. चौथ्या दिवशी मी आणायला गेलो. पंधरावी होती. देव्हाऱ्यावरची उदबत्ती विझली होती आणि मावशी केळं सोलत होती. अर्धं तिने मला दिलं.

"नळी दे मावशी, बाई थांबल्यात."

तिने फळीवरून नळी काढून माझ्या हातात ठेवली. स्वच्छ धुतलेली, पुसलेली, रिकामी.

"ही काय?"

"माझ्यात आता काय उरलं नाही, ते मला कागदावर बघायचं नाही," मावशी म्हणाली. "खा ते केळं. घरात तूच आहेस."